पोर्ट केल्यावर अनलॉक फोनला नेट येईना, कॉल मात्र लागतात

कृष्णाकाठ७७

नमस्कार मंडळी, मोबाईलमधल्या जाणकारांनी जरा लक्ष घाला.

माझ्याकडे सॅमसंगचा फोन आहे, मेव्हण्याने अमेरिकेतून आणलेला. तिकडे तो एका कंपनीच्या हप्त्यावर घेतला होता, हप्ते फिटल्यावर त्याने रीतसर अनलॉक करून घेतला आणि मग मला दिला. इथे कराडला जुनं सिम टाकल्याबरोबर काहीही न करता सगळं सुरू झालं होतं, नेटसुद्धा, त्यामुळे मी आपला समजून चाललो होतो की अनलॉक म्हणजे अनलॉक, आता कुठलंही सिम टाका.

आता नंबर पोर्ट केलाय. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर खाली प्रश्न राहतो बाजूला आणि कुठली कंपनी चोर यावरच चार पानं भरतात. पोर्ट करायचं कारण एवढंच की आमचं गाव ढेबेवाडीच्या वरच्या अंगाला, डोंगरात, तिथे जुन्या कंपनीची रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी उभं राहिलं तर येते आणि नवीन कंपनीची घरात येते, अख्खी आळी तेच सिम वापरते.

पोर्ट झाला, जुनं सिम बंद पडलं, नवीन सुरू झालं. कॉल लागतात, येतात, ओटीपी येतात. नेट नाही म्हणजे नाही. टॉवरच्या कांड्या फुल, मोबाईल डेटा चालू, पण ते वरखाली बाण असतात ते उमटतच नाहीत. वायफायवर सगळं व्यवस्थित. रिस्टार्ट, एअरप्लेन मोड, सिम काढून परत घालणं हे सगळं झालंय, कृपया तेच परत सांगू नका. केअरला फोन केला तर तिकडून पण तेच सांगतात, आणि सिमवाला म्हणतो तुमचा हँडसेटच खराब आहे. पण मग वायफायवर कसा चालतो?

एक गोष्ट करून बघितली, वडिलांच्या इथल्याच, साध्या सॅमसंगमध्ये तेच सिम घातलं, तर फोरजी मस्त पळतंय. म्हणजे सिम आणि पॅक दोन्ही ठीक आहेत. आता काय बघू?

पेठेतला_खडूस

कंपनीचं नाव सांगायचं नाही, मॉडेल सांगायचं नाही, आणि उत्तर मात्र बरोबर पाहिजे. शाब्बास.

असो. सिम दुसऱ्या फोनमध्ये चालवून बघितलंत हे मात्र शहाणपणाचं केलंत, निम्मे लोक तेवढंही न करता केअरच्या पोरांवर ओरडत बसतात. ड्युअल सिम फोन असेल तर डेटासाठी कुठलं सिम निवडलंय ते बघा, पोर्ट झाल्यावर बऱ्याचदा तिथे जुनंच नाव अडकून बसतं. आणि आधी कधी व्हीपीएन किंवा प्रायव्हेट डीएनएस लावलं असेल तर तेही बंद करून बघा.

रेंजवाला_सांगली

दादा, तुमचा हँडसेट खराब नाही. माझं दुकान आहे, बाहेरून आणलेले फोन दर आठवड्याला येतात आणि त्यातल्या बहुतेकांची तक्रार शब्दाशब्दाने हीच असते, कॉल आहे नेट नाही.

आधी अनलॉकचं समजून घ्या. अनलॉक म्हणजे फक्त सिमलॉक निघाला, म्हणजे फोन दुसऱ्या कंपनीचं सिम नाकारणार नाही, बास. दाराचं कुलूप काढलं म्हणून आत लाईटचं कनेक्शन आलं असं होत नाही ना, तसंच. आतलं सॉफ्टवेअर त्या अमेरिकन कंपनीचंच राहतं, रेडिओ, म्हणजे टॉवरशी बोलणारा भाग, त्या देशासाठीच बनवलेला राहतो.

नेट चालायला फोनला एपीएन लागतो, म्हणजे ॲक्सेस पॉइंट नेम, कंपनीच्या नेटवर्कमधून इंटरनेटकडे जाणाऱ्या दरवाजाचं नाव म्हणा. साधा कॉल आणि मेसेज यांना हा एपीएन लागत नाही म्हणून ते चालतात. हा एपीएन आपण कधी टाकत नाही कारण फोन सिमवरचा कोड वाचून स्वतःच भरतो. त्या कोडचे पहिले तीन आकडे देशाचे, भारताचे ४०४ किंवा ४०५, अमेरिकेचे ३१० पासून पुढे, आणि मागचे आकडे कंपनीचे आणि सर्कलचे. आपलं सर्कल महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक, मुंबईचं वेगळं. तर फोनच्या आत एक यादी असते, कुठल्या कोडला कुठला एपीएन. इथे विकलेल्या फोनमध्ये आपल्या सगळ्या कंपन्या असतात. अमेरिकन कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ती यादी अर्धवट असू शकते, एखादी कंपनी सापडते, एखादी सापडत नाही. तुमची जुनी सापडली, नवी सापडली नाही असा माझा अंदाज आहे.

आता करायचं काय. सेटिंग्ज, कनेक्शन्स, मोबाईल नेटवर्क्स, ॲक्सेस पॉइंट नेम्स. तिथे यादी कोरी आहे का काही नोंद आहे ते बघा. वर ॲड दिसेल ते दाबा. नाव काहीही द्या, आजीचं दिलं तरी चालतं. एपीएनच्या रकान्यात मात्र कंपनीचंच टाकायचं, इंग्रजी लहान अक्षरात, मध्ये जागा न सोडता. तुम्ही नाव लपवलंय म्हणून मला ठाऊक आहेत ते सगळेच देतो, तुमचं तुम्ही घ्या: जिओचं जिओनेट, एअरटेलचं एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम, बीएसएनएलचं बीएसएनएलनेट. व्हीआय असेल तर त्यांच्या केअरला एपीएन सेटिंगचा मेसेज पाठवायला सांगा.

युजरनेम, पासवर्ड, प्रॉक्सी, पोर्ट सगळं रिकामं. प्रॉक्सीमध्ये काही उरलं असेल तर काढाच, त्याने एक गंमत होते, व्हॉट्सॲप चालतं आणि वेबसाईट उघडत नाहीत, मग माणूस ब्राउझरला शिव्या देत बसतो. एपीएन टाइपमध्ये डीफॉल्ट, कॉमा, एसयूपीएल, हे पण इंग्रजीत आणि मध्ये स्पेस नको. एपीएन प्रोटोकॉल आयपीव्ही४/आयपीव्ही६ दोन्हीवालं निवडा. एमसीसी आणि एमएनसी, म्हणजे वर सांगितलेला देशाचा आणि कंपनीचा कोड, हे दोन रकाने आपोआप भरलेले असतात, त्यांना हात लावू नका. यूट्यूबवर बघून लोक दिल्लीचा नाहीतर भलत्याच सर्कलचा आकडा टाकतात आणि सेव्ह केल्याबरोबर नोंद गायब होते, कारण फोन सिमच्या कोडशी जुळणाऱ्या नोंदीच दाखवतो. मग माझ्याकडे येतात, म्हणे फोन सेव्हच करत नाही.

शेवटचं, वरचे तीन ठिपके दाबून सेव्ह, आणि बाहेर यादीत आल्यावर त्या नोंदीसमोरचा गोल दाबायचा. इथे फार जण चुकतात. नोंद बनते पण निवडलेली नसते.

कृष्णाकाठ७७

रेंजवाले दादा, यादी खरंच कोरी आहे. एकही नोंद नाही! वडिलांच्या फोनमध्ये बघितलं तर तिथे दोन-तीन नोंदी आपोआप आलेल्या आहेत.

पण ॲडचं बटणच दिसत नाहीये मला. बाकीचं पान राखाडी.

रेंजवाला_सांगली

मॉडेल नंबर सांगा, अख्खा नको, शेवटची अक्षरं सांगा. सेटिंग्जमध्ये अबाउट फोन.

कृष्णाकाठ७७

शेवटी यू आहे. नुसता यू.

रेंजवाला_सांगली

हं. सॅमसंगमध्ये नुसता यू म्हणजे अमेरिकेतल्या कंपनीमार्फत विकलेला, यू१ म्हणजे तिथेच पण दुकानातून मोकळा घेतलेला. यू वाल्यात काही कंपन्या एपीएनचं पान बंद करून ठेवतात, गिऱ्हाइकाने आत बोटं घालू नयेत म्हणून.

असं करा. सिम आत असू द्या, जनरल मॅनेजमेंट, रिसेट, तिथे फक्त नेटवर्क सेटिंग्ज रिसेट करा. फॅक्टरी रिसेट नव्हे, नीट वाचून दाबा, फोटो जातील नाहीतर. याने वायफायचे पासवर्ड आणि ब्लूटूथची जोडणी जाते, बाकी काही जात नाही. मग फोन बंद करून चालू करा. सिस्टिम अपडेट पेंडिंग असेल तर वायफायवर तेही घ्या, बऱ्याचदा अपडेटनंतर फोन नव्या सिमप्रमाणे स्वतःला जुळवून घेतो. त्यानंतर ते पान परत बघा.

पेठेतला_खडूस

आमच्या वेळेला फोन घ्यायचा, सिम टाकायचं, बोलायचं. आता यू आणि यू१.

सोलापुरी_चादर

बाहेरचा फोन घ्यायचाच कशाला म्हणते मी. इथला नऊ-दहा हजाराचा घ्या, सगळं चालतं, वॉरंटी वर.

कृष्णाकाठ७७

ताई, मेव्हण्याने दिलेला आहे, परत कसा करू, घरात राहायचंय मला.

जर्सीतली_वैनी

मी उलट्या बाजूने सांगते, मी न्यू जर्सीत असते आणि इथे हेच होतं, फक्त इथे आयफोनवाले जास्त रडतात. आमच्या ह्यांनी स्वस्तातली कंपनी घेतली होती, इथे मोठ्या कंपनीचं नेटवर्क भाड्याने घेऊन स्वस्त प्लॅन विकणाऱ्या खूप कंपन्या आहेत, आणि त्या कंपनीने नेट चालावं म्हणून फोनमध्ये एक प्रोफाइल, म्हणजे नेटच्या सेटिंग्जची फाइल, टाकायला लावली होती. नंतर कंपनी बदलली, नवीन सिम घातलं, नेट बंद. फोन अनलॉक, सगळं बरोबर. शेवटी सापडलं ते असं की जुनी प्रोफाइल तशीच आत बसलेली, ती नवीन सिमवर पण जुन्याच कंपनीचा एपीएन रेटत होती. आयफोनवाल्यांनी सेटिंग्ज, जनरल, खालच्या बाजूला व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट इथे जाऊन बघा, जुन्या कंपनीची प्रोफाइल दिसली की काढून टाका, फोन बंद-चालू करा. आमचं लगेच चालू झालं.

आणि इथे अजून एक भानगड असते, भारतात कोणी विचारत पण नाही, एमएमएस. अँड्रॉइडवाल्यांचे ग्रुप मेसेज आणि साध्या मेसेजमधले फोटो बऱ्याचदा त्यावर जातात, आणि त्याचा पत्ता एपीएनच्याच पानावर वेगळ्या रकान्यात भरावा लागतो. तो रिकामा राहिला तर नेट चालतं, ग्रुपमधले फोटो येत नाहीत. शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर सगळे बोलतायत आणि आपल्याला पत्ताच नाही असं होतं.

कृष्णाकाठ७७

अपडेट देतो. नेटवर्क सेटिंग्ज रिसेट केल्या, एक सिस्टिम अपडेट होतं ते पण घेतलं, आणि पान उघडलं!! ॲड दिसलं. सांगितलं तसं भरलं, गोल दाबला, आणि दहा-एक सेकंदात वर फोरजी आलं आणि मेसेजचा पाऊस. रेंजवाले दादा, सांगलीला आलो की भेळ माझ्याकडून.

आता दोन गोष्टी राहिल्यात. एक म्हणजे कॉल आला की नेट थांबतं, कॉल ठेवला की परत सुरू, वडिलांच्या फोनवर तसं होत नाही. दुसरी त्याहून वाईट. रविवारी गावी गेलो होतो, तिथे वर नुसता ई येतो, म्हणजे टूजीचं हळू नेट. फोरजी जातंच. कॉल खणखणीत, कांड्या फुल, नेट म्हणजे व्हॉट्सॲपवरचा साधा मजकूर कसाबसा जातो आणि फोटो गोल फिरत बसतो. शेजारी वडिलांचा फोन, त्याच कंपनीचं दुसरं सिम, त्याच ओट्यावर, त्यावर आई मालिका बघतेय. मी ज्या गावासाठी पोर्ट केला तिथेच माझं नेट नाही, आता बोला!

रेंजवाला_सांगली

पहिली गोष्ट व्होल्टी. व्होल्टी म्हणजे फोरजीवरूनच कॉल. ते चालू नसेल तर कॉल आला की फोन फोरजी सोडून टूजीवर उतरतो, तिथे बोलतो आणि तेवढा वेळ नेट थांबतं. मोबाईल नेटवर्क्समध्ये व्होल्टी कॉल्स असं बटण दिसतंय का बघा. यू मॉडेलमध्ये ते भारतीय कंपनीसाठी दिसेलच याची खात्री नाही, कारण व्होल्टी चालायला फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या त्या कंपनीसाठी सोय असावी लागते, नुसता फोरजी फोन असून भागत नाही. तुम्हाला टूजी आहे म्हणून कॉल तरी लागतायत. जिओवाल्यांचं याच्या बरोबर उलटं होतं, जिओला टूजी-थ्रीजी पहिल्यापासून नाहीच, २०१६ ला आले तेच नुसत्या फोरजीवर, त्यामुळे ज्या बाहेरच्या फोनला त्यांचं व्होल्टी जमत नाही त्यावर नेट धावतं आणि कॉलच लागत नाही. असे लोक पण माझ्याकडे येतात, म्हणतात स्पीकर बदला.

दुसरी गोष्ट बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीची पट्टी. हे एपीएनने सुटणारं नाही. खरं काय ते कळायला एक काम करा, वडिलांचा फोन सॅमसंग आहे म्हणालात ना, गावात असताना त्याच्या डायलरवर *#००११# टाका. काळ्या पानावर बरंच इंग्रजी येईल, त्यात बँड म्हणून आकडा असेल तो लिहून आणा. कराडला आल्यावर परत तेच करा. तुमच्या फोनवरही करून बघा पण यू वाल्यात हा कोड बहुतेक बंद असतो.

पेठेतला_खडूस

तोपर्यंत बँडचं थोडं मी सांगतो, याची मला आवड आहे, निवृत्त माणूस आहे.

फोरजी एकाच फ्रिक्वेन्सीवर नसतं. आपल्याकडे कंपन्या ८५०, ९००, १८००, २१००, २३०० मेगाहर्ट्झ अशा वेगवेगळ्या पट्ट्यांवर चालवतात आणि प्रत्येक पट्टीला एक नंबर आहे, १८०० म्हणजे बँड ३, ८५० म्हणजे ५, ९०० म्हणजे ८, २१०० म्हणजे १, २३०० म्हणजे ४०. अमेरिकेतल्या फोनचे मुख्य बँड वेगळे, २, ४, १२, १३, ६६, ७१ असे. ५ तिकडे पण आहे. १ आणि ३ बऱ्याच फोनमध्ये परदेशात रोमिंगसाठी टाकलेले असतात, ८, २८ आणि ४० असतीलच असं नाही, स्वस्तातल्या मॉडेलमध्ये तर हमखास कात्री लागते.

आता गंमत बघा. कमी फ्रिक्वेन्सी लांब जाते आणि भिंतीतून, झाडीतून जास्त शिरते, म्हणून डोंगरात, खेड्यात कंपनी तीच लावते. शहरात गर्दी असते म्हणून तिथे १८००, २१००, २३०० जास्त. त्यामुळे बाहेरचा फोन पुण्यात, कराडात छान चालतो आणि गावी गेला की टूजीवर येऊन बसतो. मालक म्हणतो गावात टॉवर खराब.

सगळ्यात फसवा तो ७०० चा. बीएसएनएलचं नवीन फोरजी ७०० आणि २१०० वर आहे, त्यातला ७०० म्हणजे बँड २८. अमेरिकेत पण ७०० आहे, फोनच्या खोक्यावर ७०० लिहिलेलं असतं, दुकानदार तेच दाखवून फोन गळ्यात मारतो. पण तिकडचा ७०० म्हणजे बँड १२ आणि १३, त्यांची मांडणीच वेगळी. बँड २८ वर टॉवरकडून फोनकडे ७५८ ते ८०३ वर येतं आणि बँड १२ वर ७२९ ते ७४६ वर. जुळतच नाही. तेव्हा मेगाहर्ट्झ बघू नका, बँडचा नंबर बघा.

सोलापुरी_चादर

काका, हे सगळं तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये सांगितलं असतं तर!

पेठेतला_खडूस

आधी कंपनीचं नाव सांगितलं असतं तर.

कृष्णाकाठ७७

आणला आकडा. गावात वडिलांच्या फोनवर बँड ८. कराडला स्टँडजवळ बँड ३. माझ्या फोनवर तो कोड टाकला तर काहीच होत नाही, नुसता डायल होऊन जातो.

रेंजवाला_सांगली

आता तुमच्या मॉडेलचा पूर्ण नंबर घेऊन नेटवर त्याचे बँड बघा. शेवटच्या यू सकट शोधा. हे महत्त्वाचं आहे, कारण त्याच नावाचा फोन भारतात विकला जातो त्याचे बँड वेगळे असतात आणि गूगल तुम्हाला भारतातलंच पान आधी दाखवणार. यादीत ८ आहे का सांगा.

कृष्णाकाठ७७

१, २, ३, ४, ५, ७, १२, १३, मग थेट विसाच्या पुढे. ८ नाही.

आणि टूजीच्या रकान्यात ९०० आहे. म्हणजे म्हणूनच गावात कॉल खणखणीत आणि ई, बरोबर ना?

रेंजवाला_सांगली

बरोबर, अगदी तेच. तुमच्या गावाच्या टॉवरवर ९०० वर टूजी पण आहे आणि फोरजी पण. तुमच्या फोनला ९०० वरचं टूजी ऐकू येतं, फोरजी ऐकू येत नाही. १८०० तिथे पोचत नसणार. जुन्या कंपनीचं तुम्हाला टाकीपाशी मिळायचं ते दुसऱ्या कुठल्या तरी बँडवरचं असेल, ३ किंवा ५.

आता पुढचं नीट ऐका. कोणी तरी तुम्हाला सांगेल की बँड अनलॉक करून देतो, हजार-दीड हजार द्या. देऊ नका. बँड म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर नसतं, आत त्या पट्टीचे फिल्टर आणि ॲम्प्लिफायर बसवलेले असावे लागतात, नसतील तर कुठल्या कॉम्प्युटरला लावून काही उगवत नाही. शिवाय असली कामं करताना काही जण फोनचा आयएमईआयच, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक, बदलून टाकतात. तो गुन्हा आहे, २०२३ च्या टेलिकम्युनिकेशन्स ॲक्टमध्ये तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड लिहिलाय. काम करून घ्यायच्या आधी आणि नंतर *#०६# टाकून आयएमईआय जुळतो का बघायची सवय सगळ्यांनीच ठेवा, कुठल्याही दुकानात, माझ्याही.

जर्सीतली_वैनी

आमच्याकडे याच्या उलट. सासू-सासरे आले तेव्हा त्यांचे भारतातले फोन घेऊन आले, दोन्ही अनलॉक, दोन्ही नवे. इथलं सिम घातलं, नेट सुरू झालं आणि कॉल लागेना. इथे २०२२ मध्ये सगळ्या मोठ्या कंपन्यांनी थ्रीजी बंद केलं, त्यामुळे कॉल पण फोरजीवरूनच लागतो, म्हणजे ते व्होल्टी आलंच, आणि काही कंपन्यांकडे कुठल्या फोनला ते देणार याची यादीच असते. यादीत नसेल तर फोन कितीही भारी असला तरी नाही म्हणजे नाही. बाबांना इमर्जन्सीला फोन लागला पाहिजे म्हणून शेवटी एक साधा इथलाच फोन घेऊन दिला. ज्यांचे आईवडील येणार असतील त्यांनी तिकीट काढतानाच हे बघून ठेवा, मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साईटवर तपासता येतं.

मिरजेचा_तंबोरा

मध्येच विचारतो, माझा पण बाहेरचा आयफोन आहे, फाइव्हजी येत नाही पोर्ट केल्यापासून. तेच असेल का?

पेठेतला_खडूस

आयफोनचं सहसा बँडवर अडत नाही, त्यात बहुतेक सगळे बँड असतात. आधी सॉफ्टवेअर बघा. भारतात फाइव्हजी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं तरी आयफोनवर ते डिसेंबरमध्ये आयओएस १६.२ आल्यावर सुरू झालं, बँड आधीपासून असूनसुद्धा. तेव्हा आयओएस जुनं ठेवलं असेल तर अपडेट करा. मग सेल्युलरमध्ये व्हॉइस अँड डेटा इथे फाइव्हजी ऑटो आहे का आणि तुमच्या पॅकमध्ये फाइव्हजी आहे का ते बघा, छोट्या पॅकमध्ये नसतं. वेगळा धागा काढा पुढे काही असेल तर, इथे ह्या भाऊंचं चाललंय.

कृष्णाकाठ७७

मग मी परत जुन्या कंपनीत जाऊ का? पोर्ट परत करता येतो का लगेच?

रेंजवाला_सांगली

लगेच नाही. एकदा पोर्ट केला की ९० दिवस त्या कंपनीत राहावं लागतं, त्याआधी १९०० ला पोर्टचा मेसेज पाठवलात तरी कोड मिळणार नाही. आणि परत जाऊन मिळवणार काय, टाकीपाशी उभं राहायचं?

माझं ऐका, नंबर आहे तिथे राहू द्या. कराडला तुमच्या फोनला काही अडचण नाही, बँड ३ आहे. गावासाठी इथलाच एखादा स्वस्तातला जुना फोन किंवा सिमवाला वायफाय डब्बा घ्या, फक्त घेण्याआधी त्यात बँड ८ आहे का बघा, तो घरात खिडकीपाशी ठेवा आणि त्याच्या हॉटस्पॉटवर तुमचा अमेरिकन फोन वापरा. नाहीतर सरळ वडिलांचा हॉटस्पॉट घ्या.

कृष्णाकाठ७७

वडिलांचा हॉटस्पॉट घेतला तर आईची मालिका अडकते, त्यापेक्षा मी ई वर राहतो.

डब्ब्याचं बघतो. घरी जुना फोन पडलाय एक, काच फुटलेला, पण इथलाच आहे. त्याचे बँड काढले, ८ आहे. पुढच्या खेपेला त्यात सिम घालून खिडकीत ठेवून बघणार.

आणि शेवटचा एक प्रश्न, मग त्रास देत नाही. कराडला माझ्या फोनवर नेट छान चालतंय, पण हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप जोडला की लॅपटॉपला नेट मिळत नाही. जोडला गेलाय दाखवतं, आत काही नाही. आधीच्या सिमवर चालायचं हे.

रेंजवाला_सांगली

एपीएनचं पान परत उघडा, आपण बनवलेली नोंद. एपीएन टाइपमध्ये डीफॉल्ट, एसयूपीएल आहे ना, त्याच्या पुढे अजून एक कॉमा देऊन डी यू एन ही तीन अक्षरं जोडा, लहान लिपीत. काही फोन हॉटस्पॉटसाठी वेगळा एपीएन शोधत बसतात, विशेषतः अमेरिकन कंपन्यांचे, कारण तिकडे हॉटस्पॉटचे पैसे वेगळे लावतात. डी यू एन लिहिलं की त्याला कळतं हाच वापरायचा. सेव्ह करा, डेटा एकदा बंद-चालू करा, मग हॉटस्पॉट.

कृष्णाकाठ७७

चाललं. हे लॅपटॉपवरूनच लिहितोय.